कुठे जन्मलास, कुणाचा आहेस?



आजचा विषय नागरिकत्वाचा आहे. एखादे मूल जन्माला येते, तेव्हा ते कोणत्या देशाचे? जगभरच्या कायद्यांनी या प्रश्नाची मुख्यतः दोनच उत्तरे दिली आहेत. एक उत्तर असे की, ते ज्या भूमीवर जन्मले तिचे. दुसरे असे की, ते ज्यांच्या पोटी जन्मले त्यांच्या देशाचे. कुठे जन्मलास, की कुणाचा आहेस? कोणता देश यातला कोणता प्रश्न विचारतो, यावर कोट्यवधी माणसांचे मत देणे, शिकणे, नोकरी करणे, इतकेच काय, रात्री निर्धास्त झोपणेही अवलंबून असते.

दोन्ही प्रश्न दिसायला सारखेच साधे आहेत. पण पहिल्याचे उत्तर द्यायला एक कागद पुरतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायला आधी आईवडिलांचे कागद लागतात, आणि आईवडिलांचे कागद खरे ठरवायला कधीकधी त्यांच्याही आईवडिलांचे. हे ओझे कुणाच्या डोक्यावर पडते, ते पाहण्यासाठी आजचे व्याख्यान आहे.

इथून, नवीन पनवेलमधून, रेल्वेचे रूळ ओलांडून जुन्या पनवेलमध्ये गेले की बेथ एल सिनेगॉग लागते. ते १८४९ सालचे आहे. ते बांधणारे बेने इस्रायली लोक घरात मराठी बोलत होते, त्यांच्या बायका नऊवारी नेसत होत्या, आणि आडनावेही कोकणातल्या गावांवरून पडलेली होती: रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर, चेऊलकर. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे या माणसांना दूरच्या एका देशात आपली आई कोण, आजी कोण, हे सिद्ध करायला सांगितले गेले. त्या कथेकडे वळायचेच आहे. आधी कायद्याचा थोडा इतिहास.

जन्मस्थानाचा नियम इंग्लंडमधून आला. १६०८ च्या काल्विन खटल्यात न्यायाधीशांनी म्हटले की राजाच्या अंमलाखालच्या भूमीत जो जन्मला तो राजाचा प्रजाजन. नियमाचे मूळ असे सरंजामी होते. फ्रान्सने १८०४ च्या नेपोलियन संहितेत दुसरी वाट धरली. माणूस राजाच्या मातीचा नाही, तो फ्रेंच बापाचा, म्हणून फ्रेंच. त्या काळी ही कल्पना पुरोगामी मानली गेली. युरोपातल्या अनेक देशांनी ती उचलली. जर्मनीने १९१३ साली ती इतकी घट्ट धरली की, साठच्या दशकात कारखान्यांसाठी बोलावून घेतलेल्या तुर्की कामगारांची नातवंडे बर्लिनमध्ये जन्मूनही परदेशीच राहिली. तो कायदा सैल व्हायला २००० साल उजाडावे लागले.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते या विषयातली ती सर्वांत मोलाची आहे. १८५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितले की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. यादवी युद्धात लाखो माणसे मेली. त्यानंतर १८६८ साली राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती आली. अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला प्रत्येक जण नागरिक. जुना इंग्रजी राजाचा नियम आता गुलामांच्या लेकरांना माणूस म्हणून उभे करण्यासाठी वापरला गेला होता. बापाला काय म्हणत होते, आईला कुणी विकत घेतले होते, हे यापुढे विचारायचे नाही. मूल इथे जन्मले ना? बस्स.

सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क हा चिनी आईबापांचा मुलगा १८९५ मध्ये चीनची भेट आटोपून परतला, तेव्हा त्याला बंदरावरच अडवले. त्या काळी चिनी मजुरांना देशबंदी होती आणि चिनी माणसाला अमेरिकी नागरिक होताच येत नसे. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: आईबाप परके असले तरी हा इथे जन्मला, हा अमेरिकी आहे. पंचवीस वर्षांनी, १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले, आणि १९४६ पर्यंत भारतीयांना ते दार बंदच राहिले. पण त्या वर्षांत तिथल्या भारतीय मजुरांना जी मुले झाली ती जन्मतः अमेरिकी होती. बापाला जे मिळणार नव्हते ते लेकराला जन्मस्थानाने दिले.

आता आपल्या देशाकडे येऊ.

आपल्या संविधान सभेत नागरिकत्वाची चर्चा दोनदा रंगली. २९ एप्रिल १९४७ रोजी, फाळणीच्या आधी, मूलभूत हक्कांच्या समितीचा अहवाल सरदार पटेलांनी मांडला, तेव्हा काही सदस्यांना जन्मस्थानाचा नियम फार मोकळा वाटला. पटेलांनी त्यांना दक्षिण आफ्रिकेची आठवण करून दिली. तिथे जन्मलेल्या हिंदी माणसांना तिथले नागरिक माना, असे आपण जगाला सांगतो आणि आपल्या घरी मात्र आखडता हात घ्यायचा, हे बरोबर नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरी चर्चा ऑगस्ट १९४९ मधली. तोवर फाळणी होऊन गेली होती, निर्वासितांच्या छावण्या भरल्या होत्या, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे येऊन राहिली होती. १० ऑगस्टला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कलम मांडताना सभेला सांगितले की एखादा अपवाद सोडला तर दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला इतका ताप दिला नाही. कितीतरी मसुदे लिहिले गेले आणि फाडले गेले.

दुसऱ्या दिवशी या कलमावर सर्वांत जोरदार हल्ला चढवला तो एका मराठी माणसानेच. ते होते अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक, पुढे देशाचे कृषिमंत्री. त्यांचा युक्तिवाद असा: परदेशी जोडपे काही तासांसाठी मुंबई बंदरात थांबले आणि तेवढ्यात बाईची प्रसूती झाली, तर ते मूल भारताचे नागरिक? अशाने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्तीत आईवडील भारतीय असण्याची अट होती. शिवाय दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख, तो कुठेही राहत असला तरी, भारताच्या नागरिकत्वाला पात्र समजावा, असेही कलम होते.

पंजाबरावांविषयी मला नितांत आदर आहे. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या, शेतकऱ्यांच्या पोरांना शाळा-कॉलेजात आणून बसवणारा हा माणूस होता. म्हणूनच त्यांची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची ही बहुमोल चीज कुणीही सहज उचलून नेईल, ही त्यांची धास्ती मनापासूनची होती. काटेकोरपणे पाहिले तर बंदरातल्या बाळाचे उदाहरण या कलमाला पुरते लागू पडत नव्हते, कारण भारतात अधिवास असणे ही कलम ५ मधली पहिलीच अट होती. त्यासोबत मग स्वतःचा जन्म भारतातला, किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म भारतातला, किंवा पाच वर्षांचे वास्तव्य, यांपैकी काहीही चालणार होते. सभेने देशमुखांची दुरुस्ती फेटाळली. जन्मस्थान राहिले, आणि त्याच्या जोडीला वंशही राहिला, पण दोघांपैकी कुठलाही एक पुरे होता. हे ‘किंवा’ लक्षात ठेवा, श्रोतेहो. पुढची सगळी गोष्ट ते ‘किंवा’ हळूहळू ‘आणि’ कसे झाले, त्याची आहे.

१९५५ चा नागरिकत्व कायदा आला आणि त्याने जन्मस्थानाचा नियम आणखी मोकळा केला. २६ जानेवारी १९५० नंतर भारताच्या भूमीवर जो जन्मला तो नागरिक. परदेशी राजदूतांची आणि शत्रुदेशाच्या माणसांची मुले तेवढी वगळली. आईबाप कोण, कुठले, हे विचारायचे नाही. बांगलादेशातून आलेल्यांच्या प्रश्नावर १९८५ मध्ये आसाम करार झाला, आणि १९८६ च्या दुरुस्तीने १ जुलै १९८७ पासून अट आली: जन्म भारतात हवा आणि आईवडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक हवा. बांगलादेश, श्रीलंका आणि काही आफ्रिकी देशांतून येणाऱ्या लोकांचे कारण तेव्हा सरकारने दिले होते. मग ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक पेच बसला: दोघेही नागरिक हवेत, नाहीतर एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

म्हणजे काय झाले? समजा, याच नवीन पनवेलमध्ये, सिडकोच्या इमारती उभ्या राहत असताना, नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या एका मजुराला तीन मुले झाली. पहिले १९८५ मध्ये, दुसरे १९९५ मध्ये, तिसरे २००६ मध्ये. एकच खोली, एकच आई, एकच दवाखाना. पहिल्याचे नागरिकत्व त्याच्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर उभे आहे. दुसऱ्याला दाखल्यासोबत आईचा किंवा बापाचा पुरावा लागेल. तिसऱ्याला दोघांचाही.

हे फक्त समजा म्हणून सांगितले असे वाटत असेल, तर खरे उदाहरण घ्या. तमिळनाडूतल्या मंडपम इथल्या छावणीत एप्रिल १९८६ मध्ये श्रीलंकेच्या तमिळ निर्वासित आईबापांना मुलगी झाली. मोठी झाल्यावर तिने पासपोर्ट मागितला. नाकारला गेला. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सांगितले की ती १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मली, म्हणून ती जन्मतः भारतीय आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिने मत दिले. तशाच छावण्यांत सव्वा वर्षाने जन्मलेल्यांना हा निकाल उपयोगी पडत नाही. त्याच सुमारास, १९८६ मध्येच, हिमाचलातल्या कांग्रा इथे जन्मलेल्या एका तिबेटी महिलेला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हाच न्याय दिला. आपल्या महाराष्ट्रातही तिबेटी वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग. तिथेही ही तारीख भावंडांच्या मधून जाऊ शकते.

आता बेने इस्रायलींकडे.

१९५० मध्ये इस्रायलने परतण्याचा कायदा केला. जगातल्या कुठल्याही ज्यू माणसाला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क. वंशाच्या नियमाचे याहून भव्य रूप आधुनिक जगात दुसरे नसेल. युरोपात ज्यूंचे जे झाले त्यानंतर ते समजण्यासारखेही होते. पनवेल, पेण, अलिबाग, मुंबई, पुणे इथून हजारो मराठी ज्यू निघाले. त्यांच्यावर इथे कुणी अन्याय केला म्हणून ते गेले नाहीत. ही गोष्ट तेही सांगतात आणि आपणही सांगतो. ते प्रार्थनेतल्या जुन्या ओढीने गेले.

तिथे काय झाले? सुरुवातीच्या वर्षांत रंगावरून आणि कामावरून वागणूक बरी मिळाली नाही म्हणून काही जणांनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये ते भारतात परतलेसुद्धा. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले. पण खरी परीक्षा १९६२ मध्ये आली. इस्रायलमध्ये ज्यूंचे लग्न लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे आहे. धर्मपीठाने लग्न नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिली की बेने इस्रायली माणूस इतर ज्यूशी लग्न करू पाहत असेल तर त्याची आई, आईची आई, अशी मागे जाता येईल तितकी चौकशी करा. त्या ज्यू होत्या का? पूर्वजांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का?

क्षणभर विचार करा. नवगावच्या किनाऱ्यावर बोट फुटली, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, एवढीच ज्यांच्याकडे परंपरेने चालत आलेली आठवण, त्यांनी पणजीचा कागद कुठून आणायचा? कोकणातल्या तेल्याच्या घरी कुणी वंशावळ लिहून ठेवली होती? शतकानुशतके त्यांनी शनिवार पाळला, मुलांची सुंता केली, खवले नसलेला मासा वर्ज्य मानला. हा आचारच त्यांचा दाखला होता. इस्रायलच्या राज्याने त्यांना नागरिक केले होते. तरीही वंश सिद्ध करा, हा प्रश्न त्यांचा पाठलाग करत राहिला.

बेने इस्रायली गप्प बसले नाहीत. मोर्चे निघाले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले, आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने संसदेत ठाम भूमिका घेतली की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांच्या हक्कांत तसूभरही फरक चालणार नाही. महिना संपायच्या आत धर्मपीठाने सूचनेतले ‘बेने इस्रायल’ हे नाव काढून टाकले. हा लढा मराठी माणसांनी लढलेला आहे, आणि महाराष्ट्रात तो फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. आज हे लोक इस्रायलचे आहेत, सैन्यात आहेत, कारखान्यांत आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालवले. इकडे जे थोडे उरले त्यांना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

कोकणातून खाली उतरले की गोवा. गोव्याने या दोन नियमांचा तिसराच अनुभव घेतला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. तिथल्या माणसांचे काय? मार्च १९६२ च्या केंद्राच्या आदेशाने सांगितले की २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव इथे जो जन्मला, किंवा ज्याचे आईवडील अथवा आजी-आजोबा यांपैकी कुणीही तिथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. पोर्तुगीज राहायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. किती उदार तरतूद! जन्म चालेल, वंश चालेल, आजीही चालेल. ज्यांना नको त्यांना नाही म्हणण्याची मुभा. मोंतेरो नावाच्या एका पाद्र्यांनी पोर्तुगीज राहणे पसंत केले आणि गोव्यात राहण्यासाठी परवाना घ्यायला नकार दिला. मी इथला, इथेच राहणार, परवाना कशाला, असा त्यांचा आग्रह. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ते हरले. निवड केली की तिचे परिणामही स्वीकारावे लागतात, असाच त्या निकालाचा अर्थ होता.

पोर्तुगालने मात्र गोवेकरांना सोडले नाही. भारताशी १९७४ च्या अखेरीस करार होऊन त्याने गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य केला, पण १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा कायम ठेवला, आणि त्यांच्या मुलानातवंडांपर्यंत तो पोचतो. म्हणून आजही मडगाव-म्हापशाची तरुण मुले आजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला शोधून लिस्बनला नोंदवतात आणि युरोपात कामाला जातात. आपल्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याला भारतीय ठेवत नाही. त्यामुळे घरातला एक भाऊ भारतीय, एक पोर्तुगीज, अशी घरे गोव्यात पुष्कळ आहेत.

याच धाग्याचे दुसरे टोक पाहा. पोर्तुगालचे पंतप्रधान राहिलेले अंतोनियो कॉश्ता लिस्बनमध्ये जन्मले. त्यांचे वडील ओर्लांदो हे मडगावच्या गोवेकर घराण्यातले लेखक. २०१७ मध्ये अंतोनियो यांना भारताचे परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड दिले गेले. या कार्डाने मत देता येत नाही, पण आयुष्यभर व्हिसाशिवाय येता-राहता येते, आणि ते पणतवंडांपर्यंत मिळते. ते त्यांना मिळाले याचा आनंदच आहे. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला हव्यात. भारतात जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या, दुसरा देश कधी न पाहिलेल्या छावणीतल्या मुलाला आपण आईबापांचे कागद मागतो, आणि चार पिढ्या बाहेर राहिलेल्या घराण्याला वंशाच्या बळावर हात पुढे करतो. २००४ नंतर आपला देश जन्मभूमीकडून वंशाकडे किती सरकला, ते यातून दिसते. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वेगळी वाट दिली, तेव्हा ७० वर्षांपूर्वी पंजाबरावांनी उभा केलेला धर्माचा प्रश्नही पुन्हा सभागृहात आला.

जगही याच दिशेने सरकले आहे. ब्रिटनने, ज्याच्या न्यायाधीशांनी जन्मस्थानाचा नियम १६०८ मध्ये घडवला, त्यानेच १ जानेवारी १९८३ पासून तो सोडला. ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये, न्यूझीलंडने २००६ मध्ये. आयर्लंडने २००४ मध्ये थेट जनमत घेतले आणि सुमारे ७९ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिले. हे आयर्लंड आपल्याला परके नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर तिकडे स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ १९७९ मध्ये डब्लिनला जन्मला आणि २०१७ मध्ये त्या देशाचा पंतप्रधान झाला. लिओंची आई आयरिश, त्यामुळे त्यांना दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पण २००५ नंतर सिंधुदुर्गातलेच डॉक्टर नवरा-बायको डब्लिनला गेले आणि तीन वर्षांच्या आत त्यांना मूल झाले, तर ते मूल जन्मतः आयरिश होत नाही.

आईबापांकडे न पाहता जन्मस्थानाचा नियम पाळणारे देश आता साधारण तीस उरले आहेत. बहुतेक उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतले. त्यांतला लोकसंख्येने सर्वांत मोठा देश २० जानेवारी २०२५ रोजी हादरला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक मानू नये. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत त्या आठवड्यात काय झाले असेल? पुण्या-नाशिकहून, इथून पनवेलहून गेलेली आयटीतली जोडपी वर्षानुवर्षे एचवन-बी व्हिसावर आहेत, आणि भारतीयांची ग्रीनकार्डाची रांग दशकांची आहे. ही मंडळी कायद्याने गेलेली, कर भरणारी. आदेश लागू व्हायला ३० दिवस होते. त्याआधी प्रसूती व्हावी म्हणून डॉक्टरांकडे विचारणा झाल्याच्या बातम्या आल्या. न्यायालयांनी आदेश अमलात येण्याआधीच रोखला, आणि वर्षाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वैधतेचा प्रश्न सुनावणीला घेतला. त्या वादात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते: वाँग किम आर्क. सव्वाशे वर्षांपूर्वी बंदरावर अडवलेल्या त्या चिनी स्वयंपाक्याच्या निकालावर मराठी अभियंत्यांच्या बाळांचे भवितव्य टांगलेले होते.

अमेरिकेत असे झाले की आपण अस्वस्थ होतो. ते योग्यच आहे, आपलीच लेकरे आहेत ती. मात्र तशाच धर्तीचा नियम आपल्या देशात २००४ पासून लागू आहे, हे या सभागृहात किती जणांना माहीत होते?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वंशाचा नियम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलाला आपला देश मिळावा, ही प्रत्येक आईबापाची रास्त इच्छा आहे. त्यासाठी वंशाचा नियम हवाच. त्यातही सुधारणा झाली: १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीयत्व फक्त बापाकडून मिळे, आईकडून नाही. आता दोघांकडून मिळते. जगात वीसहून अधिक देशांत आईला आजही हा समान हक्क नाही. अडचण आहे ती जन्मस्थानाला वंशाची सक्ती जोडण्यात. कारण त्या क्षणी प्रश्न परदेशी माणसापुरता राहत नाही. इथल्या प्रत्येक गरीब माणसाला तो लागू होतो.

जन्माच्या दाखल्यावर काय काय असते? बाळाचे नाव, तारीख, ठिकाण, आईचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता. आईवडील कुठले नागरिक आहेत, याचा रकाना त्यावर नाही. म्हणजे १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्या माणसाचा दाखला त्याचे नागरिकत्व एकट्याने सिद्ध करूच शकत नाही. मग आधार? पॅन? मतदार ओळखपत्र? ठाण्याच्या एका जामीन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले की ही कागदपत्रे ओळखीसाठी किंवा सेवा मिळण्यासाठी असतात, त्यांनी कुणी नागरिक ठरत नाही. आज वंशाची साखळी लवकर संपते, कारण आईबाप १९८७ च्या आधी इथे जन्मलेले असले की त्यांच्यापुरते जन्मस्थान पुरते. पण २००६ मध्ये जन्मलेली मुलगी २०३० मध्ये आई होईल, तेव्हा तिच्या बाळासाठी तिचे आईवडीलही पुराव्यात येतील. प्रत्येक पिढीबरोबर साखळीला कड्या वाढत जाणार आहेत.

महाराष्ट्रातल्या माणसाला हा त्रास नवा नाही. जातीच्या दाखल्यासाठी धावलेले कितीतरी जण इथे बसले असतील. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा. पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी गावच्या शाळेची जुनी रजिस्टरे उलथीपालथी करावी लागतात. आणि पणजोबा शाळेतच गेले नसतील तर? ज्यांना शाळेत घेतलेच नाही, त्यांच्याकडे शाळेचा दाखला मागायचा, ही क्रूर गोष्ट आहे. भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने, बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली, २००८ मध्ये हेच मांडले होते: पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या लोकांकडे पत्ता नाही, रेशनकार्ड नाही, कागद नाही.

कागद नसलेल्यावर वंशाचा नियम उलटवला की काय होते, ते डॉमिनिकन रिपब्लिकने दाखवले. तिथल्या घटना न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये निकाल दिला की हैतीहून उसाच्या मळ्यांवर आलेल्या, कागद नसलेल्या मजुरांची तिथे जन्मलेली मुले नागरिक नाहीत, आणि हे १९२९ पासून लागू. चार पिढ्यांपूर्वीपासून! अक्षरशः लाखांच्या घरात माणसे एका निकालाने बिनदेशी झाली. त्यातली बहुतेक ऊस तोडणाऱ्यांची नातवंडे होती. ऊसतोड मजुरांच्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि शेवटी आपला पनवेल तालुका. कर्नाळ्याच्या आसपास, डोंगराच्या कुशीत कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. या मातीत त्यांच्याइतका जुना माणूस कोण? दिवाळी झाली की उचल घेऊन ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तालुक्याबाहेर, कधी राज्याबाहेर. पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत जे बाळ जन्मते त्याची नोंद जिथे ते जन्मले तिथेच व्हायला हवी, २१ दिवसांत. भट्टीचा मुकादम ती करत नाही, बापाला ते ऑफिस कुठे आहे हे माहीत नसते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि २०२५ पासून राज्यात उशिराच्या दाखल्यांची प्रक्रिया आणखी कडक झाली आहे. त्यात जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या जन्मतारखेला आणि जन्मस्थानाला जन्मदाखला हाच पुरावा ठरवला आहे, शाळेपासून पासपोर्टपर्यंत.

म्हणून संयोजकांकडे आणि श्रोत्यांकडे एक मागणे आहे. या तालुक्यात किती भट्ट्या आहेत आणि हंगामात त्यांवर किती गरोदर बायका आहेत, याची यादी आशाताईंना आणि ग्रामसेवकांना बरोबर घेऊन दरवर्षी मार्गशीर्षात करता येईल. प्रत्येक भट्टीसाठी एक जण ठरवावा. बाळ झाले की २१ दिवसांच्या आत त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून दाखला आईच्या हातात द्यायचा. २१ दिवसांच्या आत नोंदीला पैसे पडत नाहीत. आणि त्याच फेरीत आईच्या आणि बापाच्याही जन्माचा, शाळेचा, वाडीतल्या नोंदीचा जो काही पुरावा मिळेल तो शोधून त्याच पिशवीत ठेवायचा, कारण २००४ नंतर बाळाला तोही लागणार आहे. यंदाच्या दिवाळीनंतर कुटुंबे निघायच्या आधी वाड्यांवर जाऊन सुरुवात केली, तर या हंगामातली मुले सुटतील. ज्यांना येता येईल त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाजवळ थांबून नावे द्यावीत.